लांब नजरेचा कॅमेरा आणि मोठ्या डोळ्याचा कॅमेरा



काल याच व्यासपीठावर आपण ज्ञानेश्वरीवरील व्याख्यान ऐकले आणि आज आपल्यापुढे कॅमेऱ्यांची गोष्ट येत आहे. ही उतरण आहे हे मला कबूल आहे. पण या व्याख्यानाचे मूळ माझ्या हातून घडलेल्या एका चुकीत आहे, आणि चूक चारचौघांत सांगितली म्हणजे तिचे ओझे थोडे हलके होते, असा माझा अनुभव आहे.

आमचे एक स्नेही, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. संगमेश्वर तालुक्यात त्यांचे घर आहे आणि घरामागे ओढ्यापलीकडे देवराई. त्या देवराईतल्या एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत दरसाल महाधनेशाची जोडी घर करते. मास्तरांना तिचे चित्र घ्यायचे होते. निवृत्तीच्या पैशांतला एक वाटा त्यांनी वहिनींच्या संमतीने बाजूला काढला आणि मला विचारले, "तुम्ही या नादातले. कोणता घेऊ?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "मास्तर, घ्यायचा तर फुल फ्रेम मिररलेस घ्या. बाकी सारी खेळणी." त्यांनी तो घेतला, सोबत सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारे दुर्भिंगही घेतले. सारा खर्च तीन लाखांच्या घरात गेला. दोन महिन्यांत त्यांचा उजवा खांदा धरला, यंत्र कपाटात गेले, आणि पावसाळा संपल्यावर काढून पाहिले तर भिंगाच्या आत बुरशीचे कोळिष्टक! कोकणातल्या दमट हवेत आणि बंद कपाटाच्या अंधारात काचेवर बुरशी धरते, एवढे साधे सांगायलाही मी विसरलो होतो.

तेव्हा ज्याला मी खेळणे म्हटले ते काय आहे आणि ज्याची भलावण केली ते काय आहे, याचा हिशेब मी त्यानंतर पहिल्यांदा नीट मांडला. तो हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम "फुल फ्रेम" या शब्दाबद्दल. फुल म्हणजे पूर्ण. पण कशाच्या मानाने पूर्ण? जर्मनीत वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कुशल यांत्रिक होता. त्याने चलच्चित्राची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धरली, सिनेमाची दोन चित्रे मावतील एवढ्या जागेत एक चित्र बसवले आणि ३६ गुणिले २४ मिलिमीटरची चौकट ठरली. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत त्याचा लायका कॅमेरा लोकांपुढे आला, तेव्हा त्या काळच्या मोठ्या काचपट्ट्या वापरणाऱ्यांनी या चौकटीला चिमुकली म्हणून नाके मुरडली. आज तीच चौकट "पूर्ण" ठरली आहे. फिल्मच्या जागी सेन्सर आला, २०१३ साली सोनीने आतला उघडझाप करणारा आरसा काढून टाकलेला फुल फ्रेम कॅमेरा आणला, २०१८ साली निकॉन आणि कॅनन त्या वाटेने आले. आरशाची कथा एवढीच. यंत्र सडपातळ झाले. भिंगे मात्र होती तेवढीच राहिली, कारण प्रकाशाला आरशाशी कर्तव्य नसते.

आता दुसरा पक्ष. लांब झूमचे कॅमेरे दोन जातींचे आहेत. एक खिशात मावणारा: कॅननचा एसएक्स ७४० हा चाळीस पट झूमचा कॅमेरा सुमारे तीनशे ग्रॅमचा आहे. दुसरा गळ्यात अडकवण्याचा, दणकट. निकॉनचा पी १००० हा २०१८ साली आला. त्याचा झूम १२५ पट, आणि फुल फ्रेमच्या भाषेत सांगायचे तर २४ पासून ३००० मिलिमीटरपर्यंत. २०२५ साली त्याचा धाकटा भाऊ पी ११०० तेच भिंग घेऊन आला. वजन चौदाशे ग्रॅमच्या वर. मास्तरांच्या जोडीचे वजन होते पावणेतीन किलो.

तीन हजार मिलिमीटर हा आकडा ऐकून माणूस दबतो. तो खोटा नाही, पण खराही नाही. पी १०००च्या भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ५३९ मिलिमीटरच आहे. सेन्सर इवलासा, सुमारे सव्वासहा गुणिले साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. चित्राचा मधला लहानसा तुकडाच त्यावर पडतो आणि तो पडदाभर दिसतो, म्हणून दूरचे जवळ आल्याचा भास होतो. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, याचे अवघे २८. तीस पटींचा फरक.

इथवर आले की माझ्यासारखे अर्धवट जाणकार विजयी मुद्रेने थांबतात: तीस पट मोठा सेन्सर, तीस पट चांगले चित्र, संपला वाद! पण बंधूंनो, प्रकाश सेन्सरने गोळा होत नाही. तो भिंगाच्या तोंडातून आत येतो. पावसाचे पाणी किती साठेल हे पन्हाळीच्या रुंदीवर ठरते, हंड्याच्या आकारावर नाही. तेव्हा तोंड मोजायला हवे. नाभीय अंतराला भिंगावरच्या एफ आकड्याने भागले की तोंडाचा व्यास निघतो.

घरातल्या चित्रापासून सुरुवात करू. दिवाणखान्यात पंगत बसली आहे, सगळे चौकटीत यावेत म्हणून झूम पूर्ण मागे घेतला. पी १०००चे नाभीय अंतर तेव्हा ४.३ मिलिमीटर, आकडा २.८, तोंड दीड मिलिमीटरचे. मोहरीचा दाणा! फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरचे, त्याच आकड्याचे भिंग लावले तर तोंड साडेआठ मिलिमीटरचे, म्हणजे वाटाणा. क्षेत्रफळाने तीस पटींहून अधिक प्रकाश. त्याहून पुढे, फुल फ्रेमवर पन्नास मिलिमीटरचे एफ १.८ चे साधे, मूठभर आकाराचे भिंग लावले, तर तोंड अठ्ठावीस मिलिमीटरच्या जवळ जाते. झूम कॅमेऱ्याने तोच देखावा टिपायचा तर त्याचे तोंड तीन मिलिमीटरच्या आसपासच राहणार. इथे फरक सत्तर पटींच्या पुढे जातो. म्हणून समईच्या उजेडातल्या मुलांच्या चेहऱ्यांवर झूम कॅमेरा रवा पसरतो आणि तो लपवायला यंत्र आतल्या आत चेहरा असा सारवते की गालावरची खळीदेखील जाते. आमच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या संध्याकाळची चित्रे मी अशाच एका लहान कॅमेऱ्याने घेतली होती. ती आज घरी आहेत. त्यांत आईचे नऊवारी ओळखू येते, डोळे ओळखू येत नाहीत. फुल फ्रेमचे वेड माझ्या डोक्यात शिरले ते त्या चित्रांमुळे, आणि मास्तरांना सल्ला देताना माझ्या डोळ्यांपुढे ओढा नव्हता, ती संध्याकाळ होती.

आता ओढ्याकाठी या. झूम पूर्ण पुढे: ५३९ भागिले ८, म्हणजे तोंड ६७ मिलिमीटर. मास्तरांचे दुर्भिंग: ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५ मिलिमीटर. पाणी पिण्याचा पेला आणि आमटीची वाटी. प्रकाशाचा फरक किती? दुप्पट. फक्त दुप्पट! घरात सत्तर पटींनी हरणारे यंत्र ओढ्याकाठी अवघ्या दुपटीने मागे राहते. हे गणित कागदावर मांडले तेव्हा मी बराच वेळ पेन्सिल खाली ठेवून बसलो होतो.

तपशिलाचे काय? साठ मीटरवरचा महाधनेश सुमारे एक मीटर लांबीचा. सहाशे मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा दहा मिलिमीटरची पडते. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ती सोळाशेहून अधिक बिंदूंत बसते. भोवतालची झाडी कापून टाकली तरी चित्र भरपूर उरते. पी १०००ने तेच पाहिले तर पक्षी चौकटीत मावतच नाही, झूम मागे घ्यावा लागतो. त्याच्या बिंदूंच्या हिशेबाने पिसावरचा एक सप्तमांश मिलिमीटरचा तपशील दिसायला हवा. पण तोंड लहान म्हटले की प्रकाश विवर्तनाने पसरतो. एफ ८ ला प्रकाशाचा अगदी बारीक ठिपकादेखील सेन्सरवर जवळजवळ अकरा मायक्रॉनचा होऊन पडतो, आणि या सेन्सरचा एकेक बिंदू आहे १.३ मायक्रॉनचा. आठ बिंदू मिळून एकच ठिपका पाहतात. पक्ष्यावर मोजला तर तो ठिपका सव्वा मिलिमीटरचा भरतो. मोठ्या कॅमेऱ्याचा ठिपका पाऊण मिलिमीटरहून थोडा अधिक. म्हणजे बिंदूंची बढाई वजा केली तर स्वच्छ उन्हात दोघे शेजारी आहेत. मोठा थोडा पुढे.

चंद्राच्या बाबतीत तर लहान यंत्राने बाजी मारली आहे. चंद्राची प्रतिमा पी १०००च्या सेन्सरवर इतकी मोठी पडते की कडा बाहेर जातात. सहाशेच्या भिंगाने ती फुल फ्रेमच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतकीही भरत नाही. शिवाय चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. त्याला जास्त प्रकाश गोळा करणारा मोठा डोळा लागतच नाही.

मग मोठ्या यंत्राचे पारडे कुठे जड आहे? हलणाऱ्या पक्ष्यावर. नवे फुल फ्रेम कॅमेरे पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर खिळून राहतात. झूम कॅमेऱ्याचे भिंग पुढेमागे चाचपडते, आणि तोवर धनेश देवराई ओलांडून गेलेला असतो. पहाटेच्या अंधुक उजेडात तो दुपटीचा फरकही जिवावर येतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावरून उडणाऱ्या रोहितांच्या थव्यासाठी मी आजही झूम कॅमेरा नेणार नाही. पण ढोलीसमोर बसलेल्या पक्ष्याची गोष्ट निराळी. मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते. तीन-चार महिने नर फटीतून एकेक उंबर आत देत राहतो. तो येतो, बसतो, घशातून फळे काढतो. एवढ्या वेळात चाचपडणारे भिंगही स्थिर होते. शिवाय माणूस साठ मीटर दूर राहतो. जवळ गेलेल्या हौशी चित्रकाराने नर बुजला, तर आतली मादी आणि पिल्ले उपाशी राहतात.

मी मास्तरांकडे गेलो, चूक सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तरी निदान वजन करून बघायचं होतं!" मुंबईत भिंग साफ करून घेतले, तरी एक पुसट डाग राहिलाच, ते निम्म्या किमतीत विकले. त्या पैशांत झूम कॅमेरा आला. फुल फ्रेमचा डबा मात्र वहिनींनी विकू दिला नाही. त्यावर आता पन्नासचे लहान भिंग असते, आणि नातवंडांची चित्रे संध्याकाळी ओटीवर त्यानेच निघतात. गेल्या चैत्रात, सकाळी नऊच्या सुमारास ढोलीच्या तोंडावर उन्हाचा कवडसा आला असता, मास्तरांनी अंगणातल्या खुर्चीवर बसून नराच्या चोचीच्या टोकावरचे उंबर टिपले. चित्रात रवा आहे, पाठीवरची पिसे थोडी सारवली गेली आहेत. फटीतून बाहेर आलेले मादीच्या चोचीचे टोक मात्र स्वच्छ दिसते.

पावसाळ्यापूर्वी दोन्ही यंत्रे झाकणबंद डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची, हे यंदा मी स्वतः जाऊन पाहणार आहे. दोन्ही कॅमेरे मास्तरांकडून मागून आणून इथे मेजावर ठेवले आहेत, आणि ते मोठे दुर्भिंगही एका मित्राकडून उसने आणले आहे. सभा संपल्यावर पुढे यावे, हातात घ्यावेत. मात्र भिंग दोन्ही हातांनी धरावे आणि पाच मिनिटे तसेच उभे राहून पाहावे.