पर्वतीकडे बघताना



बिबवेवाडीत आमच्या गच्चीवरून पर्वती दिसते. त्याच टेकडीवर २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांनी प्राण सोडला. १४ जानेवारीला पानिपतावर मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव पडले होते. त्या घावातून नानासाहेब उठलेच नाहीत.

पर्वतीकडे पाहिलं की मला रोमचा इतिहासकार लिव्ही आठवतो. ख्रिस्तपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या मैदानावर हॅनिबलने रोमन सैन्य वेढून कापून काढलं. लिव्हीच्या हिशेबाने जवळजवळ पन्नास हजार माणसं एका दिवसात गेली. सेनापती व्हॅरो जीव वाचवून परतला. लढाई त्याच्याच उतावळेपणाने गेली, असं लिव्ही स्पष्ट लिहितो. आणि तोच पुढे सांगतो, की सगळं शहर व्हॅरोला सामोरं गेलं. राज्याची आशा सोडली नाहीस, म्हणून लोकांनी त्याचे आभार मानले! घरोघर सुतक होतं, तरी सिनेटने शोकाला तीस दिवसांची मर्यादा घातली. याच रोमने हॅनिबलच्या हाती सापडलेल्या आपल्याच शिपायांची खंडणी भरायला मात्र नकार दिला. ते मला आजही पटत नाही. पण दैव फिरल्यावर माणूस आधी दोषी शोधतो, हे त्या लोकांनी ओळखलं होतं आणि तो मोह त्यांनी आवरला.

आपण काय केलं? ‘पानिपत झालं’ हा वाक्प्रचार केला. रणातून निघून गेले म्हणून मल्हारराव होळकरांकडे आजही बोट दाखवतो.

पण जिवंत परतलेली माणसं बघा. नाना फडणीस तेव्हा विशीतही नव्हता. त्या पळापळीत त्याची आई हरवली, ती कायमचीच. पुढे पुण्याचा कारभार त्यानेच सांभाळला. महादजी शिंद्यांचा पाय तिथेच कायमचा अधू झाला. आणि इकडे नानासाहेबांचा सोळा वर्षांचा मुलगा माधवराव पेशव्यांच्या गादीवर बसला. त्याने दोनच वर्षांत राक्षसभुवनला निजामाला हरवलं. या उभारीसाठी आपल्या भाषेत एकही वाक्प्रचार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१७७१ साली मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली. त्या फौजेत महादजी होते, तोच अधू पाय घेऊन.