आकाशीच्या पाषाणाची जन्मपत्रिका
(नागोठणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



नागोठण्याच्या माणसाला काळ्या दगडाचे नवल कसे वाटावे? अंबा नदीचे पात्र, तिच्यावरील जुना पूल, भोवतालचे डोंगर, जुन्या घरांची जोती, सारे त्याच काळ्या पाषाणाचे. हा सह्याद्रीचा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला आणि थिजलेला लाव्हारस. हे वय अफाट वाटते. परंतु दिसायला असाच काळा, मुठीत मावणारा एखादा दगड असा असतो की त्याचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे भरते. सूर्यमाला घडत असताना जे द्रव्य ग्रहांत सामावले गेले नाही, त्याचा तो नमुना होय. त्यास अशनी म्हणतात. असे दगड शोधणे, जमविणे, त्यांची खरेदी-विक्री करणे आणि त्यांचा अभ्यास करणे हा जगभर अनेकांचा छंद आहे. हा छंद माणसाला काय देतो आणि त्याच्याकडून काय मागतो, हा आजचा विषय.

एक जुना शब्द, एक जुनी नोंद

आकाशात क्षणभर चमकते ती उल्का आणि न जळता जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी, असा भेद आज मराठीत केला जातो. हे दोन्ही शब्द जुने आहेत. सहाव्या शतकातील उज्जयिनीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पाच प्रकार सांगितले. त्यांतील अशनि मोठा आवाज करीत भूमीवर आदळणारा. वराहमिहिराने त्यावरून शुभाशुभ फलेही सांगितली आहेत. ती त्या काळाची समजूत होती. मात्र पाहिलेल्या गोष्टींचे वर्गीकरण करण्याची त्याची दृष्टी आजही घेण्याजोगी आहे.

दुसरी नोंद मोगल काळातील. एप्रिल १६२१ मध्ये जालंधरजवळ लोखंडी अशनी पडला. तो जहांगीर बादशहाकडे पोहोचविण्यात आला. त्याने वजन करविले, ते १६० तोळे भरले. नंतर त्या धातूत साधे लोखंड मिसळून तलवारी, खंजीर व सुरी घडविण्यात आली. अशनी भट्टीत गेला. तथापि बादशहाने तारीख, ठिकाण आणि वजन आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. म्हणूनच चारशे वर्षांनंतरही अभ्यासकांना जालंधरचा अशनी ठाऊक आहे.

भारतीय दगडांनी शिकविलेले

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बहुसंख्य विद्वान आकाशातून दगड पडतात हे मानावयास तयार नव्हते. शेतकऱ्यांच्या साक्षी भोळेपणात जमा होत. डिसेंबर १७९८ मध्ये काशीजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्यांतील नमुने इंग्लंडला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने ते आणि अन्य देशांत पडलेले दगड एकत्र तपासून १८०२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकमेकांपासून हजारो मैलांवर पडलेल्या या दगडांची घडण सारखी होती आणि त्यांच्यातील लोहात निकेल होते. आकाशातून दगड पडतात, हे विज्ञानाने मान्य करण्यात काशीच्या त्या दगडांचा वाटा मोठा आहे.

बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सुमारे पाच किलो वजनाचा अशनी पडला. त्याची घडण निराळी होती. पुढे १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळाच्या वातावरणाचे मोजमाप केले. मग १९८० च्या दशकात अंटार्क्टिकातील त्याच जातीच्या एका अशनीत कोंडलेला वायू तपासला गेला, तेव्हा तो मंगळाच्या वायूशी जुळला. शेरघाटीचा दगड मंगळावरून आला होता! आज त्या जातीच्या सर्व अशनींना जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात.

अशनीला नाव मिळते ते तो जिथे पडला त्या गावाचे किंवा परिसराचे. शोधणाऱ्याचे नाव त्यास देत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रातील गावेही जगाच्या सूचीत आहेत. ५ ऑक्टोबर १८६६ चा जामखेड, ४ नोव्हेंबर १८७९ चा तत्कालीन सातारा जिल्ह्यातील कळंबी आणि अलीकडचा काटोल ही त्यांतील काही नावे. नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी भर दुपारी आकाशातून दगड पडले. लोकांनी ते उचलले, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून नमुने मिळविले. सुमारे १३ किलो द्रव्य हाती लागले. त्याच काटोलच्या अशनीत खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. तो शोध २०२१ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरच्या खाली हेच खनिज सर्वाधिक आहे, पण तिथवर कोणतेही यंत्र पोहोचत नाही. जिथे माणूस जाऊ शकत नाही, तिथली खूण काटोलच्या शिवारात पडली होती.

बाजार आणि त्याचे भय

ज्याला मोल आहे त्याचा बाजार होणारच. न्यूयॉर्क येथे १६ जुलै २०२५ रोजी सदबीज लिलावगृहात मंगळावरील २४.६७ किलोचा दगड शुल्कासह सुमारे ५३ लाख डॉलरना विकला गेला. तो आफ्रिकेतील नायजरच्या वाळवंटात नोव्हेंबर २०२३ मध्ये सापडला होता. त्याची जात कोणती? शेरगोटाइट! लिलावानंतर नायजरच्या सरकारने हा ठेवा देशाबाहेर गेला कसा, याची चौकशी सुरू केली.

या व्यवहाराची एक बाजू मान्य केली पाहिजे. सहाराच्या वाळूत भटकणाऱ्या शोधकांनी आणि विक्रेत्यांनी हजारो अशनी उजेडात आणले, त्यांचे तुकडे प्रयोगशाळांना दिले. विज्ञानाला त्याचा लाभ झाला. दुसरी बाजू अशी की कित्येक दगडांचे मूळ ठिकाण कायमचे हरवले, आणि ज्या भूमीवर ते पडले तिथल्या संग्रहालयात त्यांचा कणही उरला नाही.

भारतात पडलेल्या अशनींचा राष्ट्रीय ठेवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळते. १८५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे तो नमुना पोहोचला, तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकालाही तो मिळतो. ज्याला स्वतःचा संग्रह करावयाचा आहे, त्याने परदेशात रीतसर नोंदलेल्या अशनींचे लहान तुकडे, नाव व प्रमाणपत्र पाहूनच घ्यावेत. ‘विजेने भारलेले भांडे’, ‘तांदूळ ओढणारा धातू’, ‘अंतराळ संस्था कोट्यवधी रुपये देते’ असे सांगत येणारा मनुष्य ठकसेन समजावा. या नावाखाली देशात अनेकांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेली आहे.

ओळखावा कसा?

कोकणात ही परीक्षा कठीण आहे. बेसॉल्ट काळा, जड आणि थोडा चुंबकीयही असतो. कारखान्याच्या भट्टीतील लोहमळी तर हुबेहूब फसविते. तेव्हा काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. ताज्या अशनीवर नखाएवढीही जाडी नसलेले काळे, जळके कवच असते. तुटलेल्या जागी आतला रंग बहुधा फिका राखाडी दिसतो. पृष्ठभागावर कधी ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे असतात. बुडबुड्यांची छिद्रे दिसली तर तो बहुतेक बेसॉल्ट किंवा लोहमळी. बऱ्याच अशनींत धातूचे चमकणारे कण असतात. कोकणच्या पावसात ते लवकर गंजतात, म्हणून इथे जुना अशनी टिकणे दुर्मीळ. पडताक्षणी उचललेलाच खरा उपयोगी.

एक चूक मात्र टाळावी. सापडलेल्या दगडाला शक्तिमान चुंबक लावू नये. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची नोंद असू शकते आणि ती एका स्पर्शाने पुसली जाते. होकायंत्राची सुई जवळ नेऊन ती हलते का, एवढे पाहिले तरी पुरे.

आकाशातून पडणारी प्रत्येक वस्तू अशनी नसते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रातील अनेकांनी आकाशात तेजस्वी रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले, परिसरात धातूचे गोळेही मिळाले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. उल्का सहसा काही क्षणांत विझते. अग्निबाणाचे जळते तुकडे सावकाश, क्षितिजाला जवळजवळ समांतर सरकताना दिसतात.

नागोठण्यात काय करता येईल?

या छंदासाठी वाळवंट गाठण्याची गरज नाही. नॉर्वेतील जॅझ संगीतकार जॉन लार्सन यांनी शहरांतील छपरांवरची धूळ चाळून त्यातून अंतराळातील सूक्ष्म गोळ्या वेगळ्या काढल्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मॅथ्यू गेंज यांच्यासह केलेला तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. हे कण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात आणि सर्वत्र पडत असतात. शाळेच्या गच्चीतील पन्हळीचा गाळ धुऊन, वाळवून, चाळून, पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने त्यातील कण वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. येथे चुंबकाला हरकत नाही. हेतू कण शोधण्याचाच आहे. मात्र नागोठण्याजवळ मोठे कारखाने आहेत, महामार्ग आहे. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि फटाकेही अशाच गोल गोळ्या तयार करतात. शंभर गोळ्या तपासून नव्याण्णव बाजूला ठेवण्याची चिकाटी, हाच या अभ्यासाचा पहिला धडा.

दुसरे काम आकाश पाहण्याचे. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव कोकणच्या निरभ्र थंडीत उत्तम दिसतो. वही, घड्याळ आणि अंधार एवढेच साहित्य लागते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ वांगणीच्या आकाशदर्शनांतून हीच सवय लोकांना लावीत आले आहे.

आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन शेतात खरोखरच दगड पडला, तर? तो भाजेल ही भीती नको. अशनी जमिनीवर येईपर्यंत बहुधा निवालेला असतो. त्यास पाण्याने धुऊ नये, फोडू नये, हळदकुंकू लावू नये. आहे त्या जागी छायाचित्र घ्यावे, खड्ड्याचे माप टिपावे, स्वच्छ कागदात किंवा कोरड्या पिशवीत ठेवावा. दिवस, वेळ, आवाज, दिशा आणि पाहणाऱ्यांची साक्ष त्याच दिवशी लिहून काढावी. मग तहसीलदारांमार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. घाई यासाठी की अंतराळातील किरणांनी अशनीत निर्माण झालेली काही किरणोत्सर्गी द्रव्ये अल्पजीवी असतात, ती दिवसागणिक घटत जातात. उशिरा पोहोचलेला दगड आपली अर्धी कहाणी वाटेतच विसरलेला असतो.

मुलाची जन्मवेळ घरातील वडीलधारी माणसे किती काळजीने टिपून ठेवतात! आकाशातून आलेल्या पाषाणाची जन्मपत्रिका मांडण्याचे काम ज्याच्या अंगणात तो पडतो त्याच्याकडे येते. ती नोंद नीट झाली, तर दगड कोलकात्याच्या कपाटात असला तरी गावाचे नाव त्याच्यासोबत जगभर जाईल. नोंद हरवली, तर तोच दगड कुणाच्या तरी दिवाणखान्यात नाव-गाव नसलेली शोभेची वस्तू होऊन राहील. काटोलच्या लोकांनी आपले काम केले. अंबेकाठच्या विद्यार्थ्यांनी वही आणि पेन्सिल तयार ठेवावी, एवढीच या निमित्ताने विनंती.