इचलकरंजीत आपले स्वागत असो

सन्माननीय परिषदाध्यक्ष, उद्घाटक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ठिकठिकाणांहून आलेले इंजिनिअर आणि कारखानदार, मेन्टेनन्स विभागातील तरुण मित्र आणि माझ्या इचलकरंजीकर बंधुभगिनींनो,

कारखान्यांतील ऑटोमेशनचे कालबाह्य सुटे भाग कसे मिळवावेत आणि कसे बदलावेत, या विषयावरील परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मी सुताचा व्यापारी. काउंट बोटांनी चाचपून सांगेन, पण यंत्र चालवणाऱ्या पीएलसीचे पॅनेल उघडे दिसले की दार हळूच लावून घेतो. स्वागताध्यक्षाला विषय कळलाच पाहिजे, अशी अट आपल्याकडे कधीच नव्हती. त्या परंपरेच्या भरवशावर मी उभा आहे.

तरीही या गावात भाषण करायचे म्हणजे छाती धडधडते. १९७४ साली पन्नासावे मराठी साहित्य संमेलन इथे भरले आणि अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. ते संमेलन ऐकलेली मंडळी अजून गावात आहेत, आणि पुढच्या रांगा त्यांच्यासाठीच राखल्या आहेत.

पंचगंगेकाठचे हे गाव घोरपड्यांच्या जहागिरीचे. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्यासारखा विद्येची आणि कलेची चाड असलेला जहागीरदार या गावाला लाभला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा आपल्या नावापुढे इचलकरंजीकर लावत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. म्हणजे देशभर आज जे ख्याल गायले जातात, त्यांतल्या बऱ्याच गाण्याची वाट आमच्या गावावरून गेली आहे. याचा परिषदेशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध नाही. पण इचलकरंजीत येऊन बुवांचे नाव कानावर न पडता आपण परत गेलात, तर ते मला रुचणार नाही.

आता ज्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, ते विठ्ठलराव दातार. १९०४ साली, म्हणजे वंगभंगाच्या स्वदेशी चळवळीच्या आदल्या वर्षी, या गृहस्थांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदारांचा पाठिंबा होता, पण जोखीम दातारांची होती. हातमागाच्या गावात यंत्र आणायचे, आणि एखादा दाता तुटला तर तो बदलून देणारे दुकान जवळपास नाही! त्यांनी गावातल्या लोहार-सुतारांनाच हाताशी धरले असेल, असे मला वाटते. पुढे गावाला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणू लागले. पण ते ज्यांच्यामुळे घडले त्या दातारांविषयी आज शाळेतल्या मुलांना विचारले, तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या सभेच्या निमित्ताने नगरवासीयांना माझी विनंती आहे, हे नाव मुलांना शिकवा.

आमचे आणखी एक भूषण म्हणजे आपटे वाचन मंदिर. शंभरी केव्हाच ओलांडलेले हे ग्रंथालय मला देवळासारखे आहे. ग्रंथालयाची एक गोष्ट मला फार आवडते. पुस्तक छापणे बंद झाले म्हणून ते फेकून देत नाहीत. त्याला दाखल क्रमांक असतो, नोंदवहीत जागा असते, कुणाकडे गेले हे ठाऊक असते आणि फाटले तर बांधणी होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता विषयाकडे वळतो, जितके मला वळता येते तितके. आमच्या गावात शटललेस माग आले, त्यांतले पुष्कळ परदेशात वापरून झालेले. मागाबरोबर त्यांची कंट्रोल कार्डेही आली. माग धट्टाकट्टा, सायझिंगचे मशीन अजून वीस वर्षे चालेल असे, पण एक कार्ड जळाले की सगळे ठप्प. आमच्या समितीतल्या इंजिनिअरांनी मला समजावले ते असे. सीमेन्सची सिमॅटिक एस ५ ही पीएलसीची मालिका १९७९ सालची. ती केव्हाच बंद झाली. तिच्यामागून आलेली एस ७-३०० देखील १ ऑक्टोबर २०२३ पासून निवृत्तीच्या वाटेला लागली आहे आणि तिचे सुटे भाग त्यानंतर दहाच वर्षे मिळायचे आहेत. अॅलन-ब्रॅडलीची पीएलसी-५ सन २०१७ मध्येच बंद झाली. कपॅसिटर वाळतात, बॅटऱ्या उतरतात. जुन्या एस ५ मध्ये प्रोग्रॅम नुसत्या रॅममध्ये असेल आणि वीज बंद असताना बॅटरी काढली, तर प्रोग्रॅमही जातो. म्हणून बॅटरी बदलायची ती वीज चालू ठेवूनच. बाजारात गेलो तर जुनी चिप घासून तिच्यावर नवे आकडे छापलेला माल हाती पडायची भीती. ऑर्डर क्रमांकाचा शेवटचा आकडा वेगळा निघाला, तर कार्ड रॅकमध्ये बसते, पण चालेलच याची खात्री नाही. नवी प्रणाली बसवावी, तर जुन्या प्रोग्रॅमची प्रत कुणाकडे नसते. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. एवढे ऐकल्यावर मला कळले की माझा सुताचा धंदा बरा.

माझ्या व्यापारी बुद्धीला मात्र एक गोष्ट दिसते. आपल्याला हवे असलेले कार्ड अनेकदा दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्याच्या कपाटात, नव्या मशीनमुळे निकामी ठरून, धूळ खात पडलेले असते. मालकाला आठवत नाही, शेजाऱ्याला माहीत नाही, आणि आपण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून परदेशातल्या दलालापर्यंत चौकशी करत बसतो.

स्वागत समितीची बाजूही सांगून टाकतो. इचलकरंजीला रेल्वे नाही. हातकणंगले स्थानकावर उतरून रिक्षाने येताना ज्यांची हाडे खिळखिळी झाली, त्यांची मी क्षमा मागतो. पाणी टँकरचे आहे. कृपया जपून वापरावे. पार्किंगची जागा लहान आहे. वीज गेली तर जनरेटर आहे. जनरेटरही गेला, तर सभागृहात इतके तज्ज्ञ बसले आहेत की काळजी नाही. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे. शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी, आणि तिखटाबद्दल आचाऱ्याला दोनदा सांगितले आहे. निवासात, चहात, बिल्ल्यांवरच्या नावांत जे उणे राहिले असेल, ते उदार मनाने पोटात घालावे.

आभार कुणाचे मानू? मंगल कार्यालय विनामूल्य देणाऱ्या मालकांचे, मांडववाल्यांचे, देणग्या देणाऱ्या सायझिंग आणि प्रोसेस मालकांचे, मंदीच्या काळातही वर्गणीला नाही न म्हणणाऱ्या छोट्या मागवाल्यांचे, रात्री जागून खुर्च्या मांडणाऱ्या जॉबर आणि कामगार बांधवांचे, नाश्त्याची जबाबदारी उचलणाऱ्या भगिनींचे. नावे पत्रिकेत छापली आहेत. सगळी वाचायला घेतली तर उद्घाटकांना संध्याकाळ होईल.

शेवटी ग्रंथालयाच्या त्या नोंदवहीबद्दल. दोन दिवसांत उत्तम निबंध वाचले जातील. पण परतण्यापूर्वी आपल्या कारखान्यात वापरात असलेल्या आणि पडून असलेल्या प्रत्येक कार्डाचा पूर्ण ऑर्डर क्रमांक, संख्या आणि अवस्था एका सामाईक वहीत लिहा. प्रत्येक यंत्राच्या प्रोग्रॅमची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा निर्धार करा. नोंदींसाठी लागणारी वही आणि पेन दाराशी टेबलावर ठेवले आहे, त्याचा खर्च माझा. पहिली नोंद इचलकरंजीकर करतील. आपण दुसरी करावी, ही माझी हात जोडून विनंती. जय हिंद, जय महाराष्ट्र.