जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास गणित का हवे?

(अवसरी खुर्द येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या गावी २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. गणित ही अभियंत्याची विद्या आहे, हे येथे कोणास सांगावयास नको. परंतु ज्यास औषधनिर्माणशास्त्र किंवा जीववैद्यकीय विज्ञान शिकावयाचे आहे, त्यास गणिताची गरज नाही, अशी समजूत मात्र सर्वत्र आढळते. अकरावीत जीवशास्त्र घेऊन गणित सोडण्याची मुभा आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतही गणिताची प्रश्नपत्रिका नसते. विद्यार्थी निश्चिंत होतो आणि पदवीच्या पहिल्याच वर्षी गणित पुन्हा समोर उभे राहते.

बी. फार्म. अभ्यासक्रमात, बारावीला गणित नसलेल्यांसाठी पहिल्याच सत्रात 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स' हा विषय ठेवण्यात आला. त्यात लॉगरिथम, कलनशास्त्र आणि अवकल समीकरणे आहेत. यांचा औषधाशी संबंध काय?

एक साधा हिशेब पाहू. एखादे औषध दर सहा तासांनी शरीरात निम्मे उरते आणि रुग्ण दर सहा तासांनी ४०० मिलिग्रॅमची गोळी घेतो, असे धरा. दुसऱ्या गोळीनंतर शरीरात ६००, तिसऱ्या गोळीनंतर ७००, चौथ्या गोळीनंतर ७५० मिलिग्रॅम औषध असेल. हा आकडा ८०० च्या जवळ जाईल, पण तो ओलांडणार नाही. आता मूत्रपिंड दुबळे असल्यामुळे औषध निम्मे होण्यास बारा तास लागले, तर त्याच गोळीने हे प्रमाण सुमारे १,३६६ मिलिग्रॅमपर्यंत चढेल. गोळी तीच, वेळ तीच. मात्र एकास उपचार, तर दुसऱ्यास अपाय! ही मर्यादा अंदाजाने सापडत नाही. ती भूमितीश्रेणीने काढावी लागते.

गणित व जीवशास्त्र यांचा हा स्नेह महाराष्ट्रास नवा नाही. इतिहाससंशोधक म्हणून परिचित असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र मांडले. १९४४ साली प्रसिद्ध झालेले ते सूत्र 'कोसंबी फलन' या नावाने आजही जगभर वापरले जाते.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. गणिताचे भय मला ठाऊक आहे. म्हणूनच शिक्षकांना विनंती की, "आता तुझे गणित संपले," असे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगू नये. शक्य असेल त्याने दोन्ही विषय घ्यावेत. ज्यांनी गणित सोडले आहे, त्यांच्यासाठी बारावीनंतरच्या सुटीत लॉगरिथम, आलेख व श्रेणी यांचे वर्ग गावातच भरवावेत. पंचायतीने एक खोली आणि एक फळा द्यावा. शिकविणारे हात गावात आहेत.

आपल्या मुलींनी आणि मुलांनी उद्या लिहिलेली औषधाची मात्रा अचूक असावी, यासाठी एवढे अवश्य करू या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!