प्रार्थना आणि दाराची कडी

ज्या घरांतील मनुष्य तुरुंगांत जातो, त्या घराला दोन शिक्षा भोगाव्या लागतात. एक न्यायालयाची, ती बहुधा अद्याप ठरलेलीहि नसते. दुसरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची, ती मात्र त्याच दिवशीं सुरू होते. घरांत मृत्यु झाला तर चार माणसें येऊन बसतात, दोन दिवस जेवण आणून देतात. मुलगा पकडला गेला तर कोणी येत नाहीं, आणि कोणी आलेंच तर घरच्यांना तें नकोसें होतें. अशा वेळीं श्रद्धावान माणूस देवाकडे वळतो, हें स्वाभाविकच आहे. परंतु देवाकडे वळलेलें तोंड पुन्हां त्या तुरुंगांतील माणसाकडे वळतें कीं नाहीं, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

चेंबूरमधील एखादें ख्रिस्ती कुटुंब कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. गांवठाणांतील जुन्या ईस्ट इंडियन घरांपैकीं तें असेल, किंवा गोंवें, मंगळूर, केरळ अथवा देशावरून पोटासाठीं मुंबईस आलेल्या घरांपैकीं असेल. या घरचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा कसल्याशा आरोपावरून आर्थर रोडच्या तुरुंगांत आहे. आई दर बुधवारीं नोव्हेनाला जाते, मेणबत्ती लावते, गुडघे टेकते. परंतु मेणबत्ती कोणासाठीं लावली, हें ती फादरनाहि सांगत नाहीं. नातलगांना मुलगा नोकरीसाठीं गल्फला गेला म्हणून सांगितलेलें आहे. बाप त्याचें नांव घरांत काढूं देत नाहीं. तारखेस न्यायालयांत कोणी जात नाहीं, वकिलाची चौकशी केलेली नाहीं, रेशनकार्ड आणि ओळखीचे कागद कपाटांत पडून आहेत. आपण सारा हवाला देवावर टाकला आहे, असें आई म्हणते. आणि ती खोटें बोलत नाहीं. तिची श्रद्धा खरी आहे. प्रश्न इतकाच कीं, ज्या श्रद्धेनें तिला चर्चच्या पायरीपर्यंत नेलें, ती तिला तुरुंगाच्या फाटकापर्यंत कां नेत नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर बायबलांतील एका प्रसंगांत सांपडतें. 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायांत पेत्राच्या कारावासाची हकीकत आहे. हेरोद राजानें पेत्राला धरून तुरुंगांत टाकलें आणि चार-चार शिपायांच्या चार तुकड्या त्याच्या पहाऱ्यावर बसविल्या. दोन शिपायांच्या मध्यें, दोन साखळ्यांनीं जखडलेला पेत्र निजला होता. इकडे मार्काची आई मरीया हिच्या घरीं बरीच मंडळी जमून प्रार्थना करीत होती. रात्रीं देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या, शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. पेत्र मरीयेच्या घरीं आला आणि त्यानें दार ठोठावलें. रुदा नांवाच्या मुलीनें त्याचा आवाज ओळखला. पण आनंदाच्या भरांत दार न उघडतांच ती आंत धांवली. आंतल्या मंडळींनीं तिलाच वेड्यांत काढलें. ज्याच्यासाठीं प्रार्थना चालली होती तो दाराशीं येऊन उभा आहे, हें प्रार्थना करणाऱ्यांनाच खरें वाटेना. आणि पेत्र बाहेर ठोठावीतच राहिला.

लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, घराचें लांकडी दार मात्र आपोआप उघडलें नाहीं. तें उघडण्याचें काम माणसांकडे राहिलें. त्याची कडी आंतून होती, आणि ती प्रार्थना करणाऱ्यांच्याच हाताशीं होती. कथा सांगणाऱ्यानें हा तपशील गाळला असता तरी कथा पुरी झाली असती. त्यानें तो ठेवला, यांतच त्याचा बोध आहे. प्रार्थना खरी असावी, पण तिच्या मध्येंच कोणी तरी उठून कडी काढावी लागते.

ही कडी म्हणजे काय? पहिली गोष्ट, जाऊन भेटणें. पौल रोममध्यें बेड्यांत असतां अनेसिफर नांवाचा गृहस्थ त्याच्या भेटीस गेला. पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्याच्याविषयीं मोजक्या गोष्टी नमूद केल्या आहेत. त्यानें वेळोवेळीं हुरूप दिला, त्याला बेड्यांची लाज वाटली नाहीं, आणि त्यानें मोठ्या कसोशीनें शोध केला. लाज टाकणें आणि शोध करणें, हीं दोन्ही कामें आजहि तशींच करावीं लागतात. कोणत्या तुरुंगांत ठेवलें आहे, मुलाखतीचा वार कोणता, कोणते कागद लागतात, हें विचारीत हिंडावें लागतें. त्याच पत्राच्या शेवटीं पौल आपला मागें राहिलेला झगा, पुस्तकें आणि चर्मपत्रें आणावयास सांगतो, आणि हिंवाळ्यापूर्वीं येण्याची विनवणी करतो. एवढा मोठा प्रेषित, पण तुरुंगांत त्यालाहि थंडी वाजत होती. बंद्याच्या गरजा नेहमीं अशाच लहान असतात. अंगावरचे कपडे, डॉक्टरची जुनी चिठ्ठी, मनीऑर्डरनें पाठविलेले थोडे पैसे, आणि घरची खुशाली सांगणारें एक पत्र. इंग्लंडमध्यें एलिझाबेथ फ्राय या क्वेकर पंथाच्या बाई १८१३ मध्यें न्यूगेटच्या तुरुंगांत गेल्या, तेव्हां त्यांनींहि प्रथम तेथील तान्ह्या मुलांसाठीं उबेचे कपडे नेले. त्यांची शाळा, शिवणकाम आणि बायबलवाचन हें सर्व मागाहून आलें.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत सुमारें ७६, हीं न्यायाधीन होतीं. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. अशांपैकीं कित्येक केवळ वकील नाहीं किंवा जामीनदार नाहीं म्हणून आंत राहतात. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें कोठडींत असलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठीं तो दरिद्री असल्याचें सिद्ध करावें लागत नाहीं. हा हक्क मागावयाचा एवढेंच काम उरतें. जामिनाच्या रकमेविषयीं सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल प्रसिद्ध आहे. मध्य प्रदेशांतील मोतीराम नांवाच्या गवंड्याकडे खालच्या न्यायालयानें १०,००० रुपयांचा जामीन मागितला, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याची हमीहि नाकारली. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं ही रीत चुकीची ठरविली आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्या गवंड्यास सोडण्याचा हुकूम दिला. पर जिल्ह्यांतील नातलग जामीन राहूं शकत नाहीं, असें कोणी सांगितलें तर तें निमूटपणें मान्य करण्याचें कारण नाहीं.

आणखी एक तरतूद घरच्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमांत न्यायाधीन बंद्यांची एक मर्यादा घातली आहे. ज्या गुन्ह्याला फांशी अथवा जन्मठेप सांगितलेली नाहीं, त्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ तुरुंगांत गेला कीं जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. आणि पूर्वीं कधींहि दोषी न ठरलेल्या माणसाला एक-तृतीयांश काळच पुरतो. एकाहून अधिक खटले चालू असल्यास ही सवलत मिळत नाहीं, आणि न्यायालय कारणें नमूद करून कोठडी वाढवूंहि शकतें. तरी अटकेची तारीख आणि लावलेलें कलम हीं घरांत लिहून ठेवलेलीं असावींत. दिवस मोजण्यास आईला वकिली यावी लागत नाहीं. भिंतीवरचें कॅलेंडर पुरतें.

तिसरी गोष्ट म्हणजे मदत मागण्याची. चेंबूरला लागूनच देवनार येथें टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ मध्यें ती सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नांवानें मुंबईंत निघाली आणि १९५४ मध्यें देवनारला आली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. नागपाड्याच्या दाट वस्तींत काम करतांना त्यांना उमगलें होतें कीं, दयेला शिक्षणाची जोड हवी, आणि दुसऱ्यास मदत करणें ही शिकण्याची विद्या आहे. याच संस्थेनें १९९० मध्यें 'प्रयास' हा उपक्रम मुंबईंत सुरू केला. त्याच्या समाजकार्यकर्त्यांनीं तुरुंगांत जाऊन बंद्यांना भेटावें, त्यांच्या घरच्यांचा पत्ता लावावा, वकील व जामीन यांची वाट दाखवावी, मागें राहिलेल्या मुलांची विचारपूस करावी, असें त्याचें स्वरूप. हें कार्य कोणा एका धर्माच्या माणसांसाठीं नाहीं, आणि तें करणाऱ्यांना कोणी धर्म विचारीत नाहीं. श्रद्धावान मनुष्यानें अशा मदतीस देवावरील अविश्वास समजूं नये. झगा कोणी विणला, हें पौलानें विचारलें नसतें.

येथें एक अवघड शंका उभी राहते. मुलानें खरोखरच गुन्हा केला असेल तर? पुष्कळ घरें येथेंच अडतात. मुलगा निर्दोष आहे असें मानल्याशिवाय त्याच्यासाठीं कांहीं करतां येत नाहीं असें त्यांना वाटतें, आणि तसें मानतां आलें नाहीं कीं तीं त्याला सोडून देतात. कांहीं घरें दुसऱ्या टोकाला जातात. साक्षीदाराला गांठतात, पैसे चारूं पाहतात. पौलाचें फिलेमोनास लिहिलेलें लहानसें पत्र या दोहोंच्या मधली वाट दाखवितें. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो धन्यापासून दूर झाला आणि बंदिवान पौलाच्या सहवासांत आला. त्याला परत पाठवितांना पौलानें त्याच्या अपराधावर पांघरूण घातलें नाहीं. कांहीं नुकसान झालें असेल किंवा देणें असेल तर तें आपल्या नांवावर मांडावें, आपण तें फेडूं, असें त्यानें स्वतःच्या हातानें लिहून दिलें. अपराध आहे तो आहे. पण अपराधी आपला आहे, हेंहि आहेच. आईनें मुलासाठीं वकील द्यावा, त्याला खरें बोलावयास सांगावें, आणि ज्याचें नुकसान झालें त्याच्या घरासाठींहि एक मेणबत्ती लावावी. यांत विसंगति नाहीं.

आणि सर्व करूनहि दरवाजा उघडला नाहीं तर? पेत्राच्या सुटकेची कथा ज्या अध्यायांत आहे, त्याच्याच आरंभीं योहानाचा भाऊ याकोब तरवारीनें मारला गेल्याचें लिहिलें आहे. याकोबासाठीं कोणी प्रार्थना केली नसेल, असें कोण म्हणेल? मुंबईनें अलीकडेच असा एक प्रसंग पाहिला. येशूसंघाचे फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजीं रांची येथून एल्गार परिषद प्रकरणांत अटक झाली. वय ८३, अंगांत कंपवात, आणि जागा तळोज्याच्या तुरुंगांत. झारखंडांतील न्यायाधीन आदिवासी बंद्यांच्या स्थितीचा अभ्यास त्यांनीं स्वतःच पूर्वीं प्रसिद्ध केला होता. आतां ते त्यांच्यापैकींच एक झाले. हात कांपत असल्यानें त्यांना पेला धरवत नसे. पाणी पिण्याच्या नळीसाठीं आणि चोचीच्या पेल्यासाठीं नोव्हेंबर २०२० मध्यें न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. पौलाच्या झग्याचीच ही आजची आवृत्ति. त्यांना भरविण्याचें व आंघोळ घालण्याचें काम बरोबरच्या बंद्यांनीं केलें. ज्यांना घरदार नव्हतें त्या संन्यस्ताचे आप्त म्हणून त्यांच्या संघाचे लोक उभे राहिले. वकील दिले, जामिनासाठीं अर्ज केले. ते अर्ज फळाला आले नाहींत. २८ मे २०२१ रोजीं उच्च न्यायालयानें त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत हलविण्यास परवानगी दिली. तेथें सेंट झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्कारेनस त्यांच्या सोबतीस जात. ५ जुलै २०२१ रोजीं, खटला सुरू होण्यापूर्वींच, स्टॅन स्वामी निवर्तले. आरोपाचा खरेपणा न्यायालयांत पारखला गेलाच नाहीं. पुढें मस्कारेनस यांनीं त्यांच्या नांवावरील डाग दूर व्हावा म्हणून उच्च न्यायालयांत अर्ज केला. मनुष्य गेला तरी कडी काढण्याचें काम संपलें नव्हतें.

यावरून असें दिसतें कीं, खटपटीचें मोल तिच्या यशावर ठरत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत न्यायाच्या दिवसाचें वर्णन आहे. तेथें तुरुंगांतील माणसाला सोडविलें काय, असें कोणाला विचारलेलें नाहीं. त्याच्याकडे कोण गेलें आणि कोण गेलें नाहीं, एवढेंच पाहिलें आहे. सोडविणें पुष्कळदां माणसाच्या हातीं नसतें. जाणें नेहमीं असतें.

चेंबूरच्या त्या आईला यापेक्षां निराळें कांहीं करावयाचें नाहीं. येत्या बुधवारीं तिनें मेणबत्ती लावावीच; पण प्रार्थनेच्या चिठ्ठींत मुलाचें नांव लिहावें. फादरना भेटून खरें काय तें सांगावें. दुसऱ्या दिवशीं कपाटांतले कागद पिशवींत घालावे आणि वकिलाची चौकशी करण्यास निघावें. बाप बरोबर आला तर उत्तम. न आला तर त्याच्याशीं भांडत बसूं नये, परत आल्यावर मुलगा कसा दिसला तें त्याला सांगावें. तो ऐकत नाहींसें दाखवील, पण ऐकेल.

आणि एक दिवस, लौकर किंवा उशीरा, निर्दोष ठरून किंवा शिक्षा भोगून, तो मुलगा घरीं येईल. संध्याकाळ पडल्यावर येईल. शेजाऱ्यांनीं पाहूं नये अशी त्याची इच्छा असेल. तो दार हळूच ठोठावील. त्या वेळीं आंतल्या माणसांनीं आनंदानें किंवा लाजेनें आंतल्या आंत धांवत राहूं नये. आधीं दार उघडावें.