खासरा पाहणी वाचता येणारा वकील



बारावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये घराघरांत एकच चर्चा सुरू होते. नीटला किती पडले, सरकारी मेडिकल लागेल का, नाही तर रिपीट करायचे का? या बोलण्यात कायद्याचे नाव अगदी शेवटी निघते, तेही ‘काहीच जमले नाही तर लॉ कर’ अशा सुरात. आज मी या सुराच्या विरोधात बोलायला उभा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठवाड्यातल्या मुलाने, मुलीने कायदा पहिल्या पसंतीने शिकावा, आणि इथल्या कोर्टाला लागून शिकावा.

आपल्या भागातली मोठी माणसे आठवा. शंकरराव चव्हाणांनी उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. चाकूरचे शिवराज पाटील त्यासाठी मुंबईला गेले, बाभळगावचे विलासराव देशमुख पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात शिकले. या तिघांपैकी दोघे मुख्यमंत्री झाले, एक लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांना जे शिकायला दूर जावे लागले, ते आज नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात आणि लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयात शिकता येते. छत्रपती संभाजीनगरला २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. तिथला प्रवेश क्लॅटमधून होतो. बाकी महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी: बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या प्रवर्गासाठी बारावीत ४५ टक्के पुरतात. दार उघडे आहे. अडचण आत गेल्यावर सुरू होते.

लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना चार पर्यायांतून एक निवडण्यात तरबेज केले. कायद्यात मात्र चारही पर्याय दोन्ही बाजूंचे वकील मांडत असतात. तिथे आधी कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो आणि मग आपले म्हणणे पानभर सरळ लिहावे लागते. ही सवय कोणताही क्लास लावत नाही. म्हणून प्रवेश घ्यायचा, हजेरीचे बघून घेऊ म्हणायचे आणि परीक्षेपुरते गाइड चाळायचे, ही जी रीत पडली आहे ती मला फार टोचते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरीची अट आहे. ती कागदावर पाळली जाते तिथे पदवी मिळते, पण वकील घडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडचा जमिनीचा कायदा राज्याच्या इतर भागांसारखा नाही. महाराष्ट्रात कूळकायदे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा, आणि आपल्याला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. कारण उघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि मुंबई राज्यात आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. मधल्या आठ वर्षांत हैदराबाद राज्याने केलेले कायदे आजही आपल्या बांधावर उभे आहेत. या कायद्यातल्या कलम ३८-ई ने संरक्षित कुळांना अधिसूचनेद्वारे मालकी दिली. कुणाचे नाव संरक्षित कुळाच्या यादीत होते, कुणाचा ताबा होता, याचे भांडण आज नातू लढतो आहे. इनाम जमिनी, मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेल्या जमिनी, देवस्थानच्या जमिनी यांचा वेगळा कायदा आहे. आणि या सगळ्यात १९५४-५५ च्या खासरा पाहणीचा, म्हणजे शेतवार ताब्याच्या नोंदीचा, उतारा पुराव्यात हमखास येतो.

पुण्या-मुंबईत शिकलेल्या हुशार मुलाला हे माहीत असेलच असे नाही, कारण तिकडे शिकवला जातो १९४८ चा कायदा. बिलोली, देगलूर, उदगीर, निलंगा इथल्या कोर्टांत बसणाऱ्या जुन्या वकिलांना मात्र हे तोंडपाठ असते. त्यांच्यातल्या काहींना निजामकाळातले उर्दू कागद वाचता येतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज भासली ते सर्वांनी पाहिले. हे जुने वकील आता थकले आहेत. त्यांच्या हाताखाली दोन वर्षे काढणाऱ्या मुलाला जे मिळेल ते पुढे कुणाकडेही मिळणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने मोडी शिकावी, जमल्यास उर्दू लिपी शिकावी, असे मी आग्रहाने सांगतो.

भाषेचा दुसरा पदर इंग्रजीचा. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. दावा, कैफियत, सरतपास, उलटतपास, सगळे मराठीत चालू शकते. पण अपील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेले की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे कामकाज इंग्रजीत. खेड्यातून आलेला विद्यार्थी इथे बुजतो. त्याने बुजू नये. मूळ अधिनियम मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी ठेवून रोज दोन कलमे वाचावीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत; त्यामुळे कलमांचे आकडे जुन्या वकिलांनाही नव्याने पाठ करावे लागत आहेत. एवढ्या एका बाबतीत तरी नवा आणि जुना वकील एकाच रेषेवर आहेत.

खंडपीठाचा विषय निघालाच आहे. २७ ऑगस्ट १९८१ ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली तेव्हाच्या औरंगाबादला न्यायमूर्ती बसवले. त्या निर्णयाला आव्हान मिळाले, तो सर्वोच्च न्यायालयात टिकला आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ झाले. कोल्हापूरकरांना अशाच व्यवस्थेसाठी ऑगस्ट २०२५ ची वाट पाहावी लागली. १९८१ च्या आधी आपल्या पक्षकाराला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे. खंडपीठ नांदेडहून अजूनही अडीचशे किलोमीटरहून लांब आहे, पण एका रात्रीच्या प्रवासावर आहे. यामुळेच आपल्या भागातल्या शेकडो मुलांना हायकोर्टाची वकिली करता आली.

पदवीनंतर काय? सनद घ्यायची, अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. सनदेच्या नावाखाली हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. गरीब घरातल्या मुलांसाठी हा मोठा निकाल आहे. न्यायाधीश व्हायचे असेल तर एमपीएससीमार्फत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ही परीक्षा आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने तिला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवी घेतली की थेट पुण्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसायचे, हा रस्ता आता बंद झाला. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. वाटणीच्या दाव्यात बहिणीचा हिस्सा कसा गाळला जातो हे साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ उभे राहून पाहिलेल्या मुलीने न्यायासनावर बसावे, यात तिचे आणि पक्षकारांचे दोघांचेही हित आहे.

सरकारी अभियोक्ता, बँकांतले विधी अधिकारी, सैन्यदलाची जॅग शाखा, एलएल.एम. आणि नेट-सेट करून अध्यापन, हे रस्ते माहितीचे आहेत. कमी माहितीची वाट विधी सेवा प्राधिकरणाची. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. या आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची व्यवस्था आता जिल्ह्यांत आली आहे. फौजदारी काम शिकायला तरुणाला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

विद्यार्थ्यांना एक विनंती. शेवटच्या वर्षी अभिरूप न्यायालयाच्या पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून डायरी लिहायची असते. ती मित्राच्या वहीवरून उतरवू नका. कोर्टात जा, पुकारा होईपर्यंत थांबा, पक्षकाराशेजारी बसा.

आणि समोर बसलेल्या ज्येष्ठ वकिलांना दुसरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये दरमहा द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. पण खेड्यातून आलेली मुलगी खोलीभाडे आणि बसभाडे खिशातून भरून तीन वर्षे तुमच्या फाइली सांभाळणार असेल, तर ती टिकणार नाही. टिकतील ते घरचे खाऊन येणारेच. नांदेड आणि लातूरच्या वकील संघांनी एकत्र बसून एक किमान रक्कम ठरवावी. पंधरा हजार जमत नसतील तर जमतील तेवढ्यांपासून सुरुवात करा, पण येत्या जूनमध्ये नवी मुले सनद घेऊन येतील त्याच्या आत करा.