अंगात आलं!

हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत एक वाक्प्रचार आहे, 'भूत अंगावर चढलं'. एरवी मवाळ असणारा माणूस अचानक वेगळाच वागू लागला, की तिकडे असं म्हणतात. आपल्याला त्यात नवल वाटायला नको. 'झपाटलं', 'वारं आलं', 'अंगात आलं' हे शब्द आपल्याही घरोघरी आहेत.

मी नाशिकची. चैत्रात सप्तशृंगगडावर घुमणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वर्षभर खाली मान घालून राबणारी बाई तिथे खणखणीत बोलते आणि घरातले कर्ते पुरुष हात जोडून ऐकतात. तीच बाई घरी एखाद्या दिवशी 'मला हे पटत नाही' म्हणाली, तर 'हिच्या अंगात आलंय' म्हणून आपण तिला गप्प करतो. शब्द एकच. गडावर त्याने मान मिळतो, घरात तोंड बंद होतं. आणि दोन्हीकडे तिचं बोलणं तिचं राहत नाही.

म्हणून कुणी स्वभावाविरुद्ध वागलं, तर अंगात काय आलं, यापेक्षा मनात काय साचलं, हे आधी विचारावं. आजार असेल तर डॉक्टर गाठावा. राग असेल तर ऐकून घ्यावा. तो बहुधा खराच असतो.